दुधाचे खाडे आणि पिंपळाची पालवी

कळव्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिंपळ आहे. महाशिवरात्रीनंतर बघता बघता तो उघडा पडतो आणि एका सकाळी लोकल गाठायच्या घाईत मान वर जाते, तर फांदीफांदीवर तांबूस पालवी! पान इतकं कोवळं, की हातात धरायची भीती वाटते. टोकाची शेपटी मात्र पहिल्या दिवसापासून असते.

यंदा ती पाहताना हेन्री डेव्हिड थोरो आठवला. ४ जुलै १८४५ रोजी तो अमेरिकेतल्या काँकॉर्ड गावाजवळ, वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत राहायला गेला. राहिला दोन वर्षं आणि दोन महिने, पण ‘वॉल्डन’ या पुस्तकात ते सगळं एका वर्षात बसवलं आणि शेवटाकडे वसंत आणला. त्या प्रकरणातल्या तारखा मी पुन्हा पुन्हा वाचतो. तळ्यावरचं बर्फ पुरतं कधी फुटलं? १८४५ साली १ एप्रिलला, पुढच्या वर्षी २५ मार्चला, १८५२ साली थेट १८ एप्रिलला. झोपडी सोडून साडेचार वर्षं झाली होती, तरी माणूस तळ्याकडे बघतच होता.

इंग्रज कवी हाउसमन याच्या १८९६ सालच्या संग्रहात विशीतला एक मुलगा बहरलेली चेरी बघतो, सत्तरातून वीस वजा करतो आणि उरलेले पन्नास वसंत त्याला कमी वाटतात. वाचताना गलबलतं. पण माझं मन ओढ घेतं थोरोकडे. तो उरलेलं मोजत नाही, आलेलं टिपून ठेवतो.

त्याला मराठीत आणलं दुर्गाबाई भागवतांनी, ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने. त्यांचं स्वतःचं ‘ऋतुचक्र’ १९५६ सालचं. बारा महिन्यांचे बारा लेख, सुरुवात चैत्रापासून. बर्फ फुटायची वाट बघणाऱ्यांचा वसंत निराळा. आपला येतो तो घामाच्या धारांत, पानगळीच्या अंगावरच. बाईंनी तो आपल्याच झाडांत बघायला शिकवला, हे त्यांचं ऋण मी फार मानतो.

आई गेल्यावर कपाटात जुन्या ‘कालनिर्णय’ची गुंडाळी सापडली. चौकोनांत दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख आणि दर वर्षी फाल्गुनाच्या आसपास बारीक अक्षरात ‘कोकिळा ओरडली’. (ओरडतो तो नर, पण आईला कोण सांगणार!) एका वर्षी ११ मार्च, पुढच्या वर्षी २ मार्च. सातवी शिकलेली बाई. थोरो हे नाव तिच्या कानावरूनही गेलं नसेल. ती हे कुणासाठी लिहीत होती, ते मी तिला कधी विचारलं नाही.

थोरोने फुलांच्याही तारखा लिहून ठेवल्या होत्या. बॉस्टन विद्यापीठाचे रिचर्ड प्रिमॅक यांनी त्या आजच्या तारखांशी ताडून पाहिल्या, तेव्हा कळलं, की काँकॉर्डची फुलं आता पूर्वीपेक्षा लवकर उमलतात. दीडशे वर्षांनी त्या वह्या बोलल्या. आईची कॅलेंडरं मी दाभणाने शिवून घेतली आहेत.

परवा रात्री स्वयंपाकघरातल्या ‘कालनिर्णय’वर, दुधाच्या खाड्याच्या फुलीशेजारी, उरलेल्या जागेत मी लिहिलं : पिंपळ, पालवी.