माफी नको, जागा द्या

संध्याकाळी सहानंतर माणिक चौकात, बडा बाजारात किंवा सीपरी बाजारात गाडी लावायला जागा मिळवणं झाशीत कुणालाही जड जातं. धडधाकट माणूस शेवटी कंटाळतो, लांब कुठेतरी गाडी लावतो आणि चालत येतो. पण चालता येत नाही म्हणूनच ज्याने गाडी घेतली, त्याने काय करायचं? आपल्या शहराने याचं उत्तर अजून दिलेलं नाही. दंडाची व्यवस्था मात्र चोख आहे.

मी पोलिओच्या पिढीतली. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. आमच्या मागची रांग थांबली, याइतका आनंद दुसरा नाही. पण आम्ही आहोत. आज आम्ही नोकऱ्या करतो, दुकानं चालवतो, मुलांना शाळेत सोडतो, आईवडिलांना दवाखान्यात नेतो. एका पायात कॅलिपर, हाताखाली कुबडी आणि मागे दोन जोडचाकं लावून घेतलेली स्कूटर, यावर माझा सगळा संसार चालतो. मे महिन्यात झाशीचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा कॅलिपरच्या लोखंडी पट्ट्या तापतात. अशा दुपारी दोनशे पावलं म्हणजे काय, हे ते घालणाऱ्यालाच कळतं.

एकदा अशाच दुपारी एका बँकेत काम होतं. आतलं आवार मोटरसायकलींनी भरलेलं. रॅम्पच्या तोंडाशीसुद्धा दोन गाड्या आडव्या. मी स्कूटर रस्त्याच्या कडेला, पायरीजवळ लावली आणि आत गेले. बाहेर येईपर्यंत मोबाइलवर चलान आलेलं. सोबतच्या फोटोत माझ्या स्कूटरची जोडचाकं स्वच्छ दिसत होती. पुढे टेकवलेली कुबडीसुद्धा दिसत होती. चौकातल्या शिपायाला विचारलं तर तो अदबीने म्हणाला, "दीदी, आपकी बात सही है, पर गाड़ी तो नो पार्किंग में खड़ी थी।" त्याचं चुकलं नव्हतं. गाडी नो पार्किंगमध्येच होती. मी दंड भरला. फक्त तिथे गाडी लावायची नाही तर कुठे लावायची, हे त्यालाही सांगता आलं नाही.

१ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ प्रमाणे किरकोळ गुन्ह्याला पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी १५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम १२७ प्रमाणे नो पार्किंगमधली गाडी उचलून नेता येते किंवा तिच्या चाकाला जॅमर लावता येतो. इतरांना गाडी उचलली गेली की मनस्ताप होतो, पैसे जातात, रिक्षा करून गाडी सोडवायला जावं लागतं. आमची गाडी उचलली की आम्ही जिथे आहोत तिथेच अडकतो. रिक्षात चढणं ही आमच्यासाठी वेगळीच लढाई असते, आणि क्रेनने ओढताना जोडचाकांचा दांडा वाकला तर तो सरळ करणारा मिस्त्री प्रत्येक गल्लीत बसलेला नसतो. पाचशे रुपयांचा दंड सगळ्यांना सारखा दिसतो, त्याचा भार मात्र सारखा नसतो.

मग कायदा आमच्या बाजूने काहीच बोलत नाही का? बोलतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम ४१ मध्ये बसथांबे, रेल्वे स्थानकं आणि विमानतळांवरच्या वाहनतळांचा उल्लेख आहे. इमारतींसाठीची मार्गदर्शक तत्त्वं तर अगदी नेमकी आहेत. प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत किमान दोन गाड्यांची राखीव जागा हवी, तिची रुंदी ३.६ मीटर हवी आणि जागा राखीव असल्याची पाटी ठळक दिसली पाहिजे. ही रुंदी हिशेबाने ठरवलेली आहे. दार पूर्ण उघडून शेजारी चाकाची खुर्ची लावता आली, तरच माणूस गाडीतून उतरू शकतो. अडचण अशी, की वर्षानुवर्षं या तत्त्वांकडे शिफारस म्हणूनच पाहिलं गेलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं यावरच बोट ठेवलं. या अधिनियमाखालच्या नियमांतला, नुसत्या शिफारशी करणारा नियम १५ हा मूळ कायद्याशी विसंगत ठरवून, बंधनकारक नियम करायला केंद्र सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली.

निकाल मोलाचा आहे. पण जिथे आवार आहे, फाटक आहे, वाहनतळ आहे, तिथे ही मापं उपयोगी पडतात. बडा बाजारातल्या दुकानाला कसलं आवार? दुकानाची पायरी संपली की रस्ता. तिथे रस्ता हाच वाहनतळ, आणि त्या रस्त्यावर आमच्यासाठी एक पट्टाही आखलेला नाही. पुण्यात तुळशीबागेत किंवा मुंबईत दादरला जाणाऱ्या दिव्यांग वाचकांनाही हे नवं नसेल. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला, त्याचा मला अभिमान आहे. त्या विभागानेही रस्त्यावरच्या जागेचा हा विषय हाती घ्यावा.

झाशीत आणखी एक गुंता आहे. शहरातले रस्ते नगर निगमचे. सदर बाजार छावणीच्या हद्दीत. वीरांगना लक्ष्मीबाई स्थानकाचं आवार रेल्वेचं. किल्ला आणि राणी महाल पुरातत्त्व खात्याकडे. ज्या गणेश मंदिरात राणीचं लग्न लागलं, ते जुन्या शहराच्या अरुंद रस्त्यांवर. गणेशोत्सवात आपली मराठी कुटुंबं तिथे जमतात, तेव्हा गुडघे गेलेल्या आजीला मंदिराच्या दारापर्यंत कसं न्यायचं, याची चिंता घरोघर असते. म्हणजे एका दिवसात चार कामं करायची तर मला चार वेगवेगळ्या खात्यांच्या जमिनीवर स्कूटर उभी करावी लागते, आणि मला ओळखणारं समान चिन्ह या चौघांकडे नाही.

खरी गरज आहे ती या चिन्हाची. ब्रिटनमध्ये १९७० साली दीर्घकालीन आजारी आणि अपंग व्यक्तींसाठी कायदा झाला. त्यातून गाडीच्या काचेवर ठेवायचा परवाना आला. आधी तो नारिंगी होता, २००० पासून निळा झाला. इंग्लंडमध्ये हा निळा परवाना दाखवून पार्किंगला मनाई करणाऱ्या पिवळ्या रेघेवरही तीन तासांपर्यंत गाडी लावता येते, मात्र माल चढवण्या-उतरवण्याची बंदी असेल तिथे नाही आणि वाहतुकीला अडथळा होत असेल तर नाही. दुसऱ्याचा परवाना वापरला तर एक हजार पौंडांपर्यंत दंड आहे. या योजनेतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे तो परवाना माणसाला दिला जातो, गाडीला नाही. मुलीला शाळेत नेणारा बाप, आईला डायलिसिसला नेणारा मुलगा, यांच्या गाडीवरही तो चालतो.

आपला कायदा मुख्यतः गाडीकडे पाहतो. दिव्यांगांसाठी बनवलेलं किंवा बदल केलेलं वाहन तो ओळखतो. महामार्गावरची टोलमाफीही अशाच वाहनाला आहे. पण डावा पाय निकामी असलेला माणूस साधी ऑटोमॅटिक गाडी कसलाही बदल न करता चालवू शकतो. अशा माणसाला ओळखायचं कसं? खरं तर माहिती सरकारकडे आहेच. ऑक्टोबर २०२० पासून वाहन नोंदणीच्या अर्जात मालकीच्या प्रकारांमध्ये 'दिव्यांगजन' अशी नोंद करता येते. देशभर चालणारं दिव्यांगांचं ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, आमच्या खिशात आहे. मग याच कार्डाच्या आधारे काचेवर किंवा स्कूटरच्या पुढच्या भागावर लावता येईल असा पार्किंग परवाना का देता येऊ नये? चलान करणाऱ्याने परवान्यावरचा क्रमांक तपासावा, खरा असेल तर सोडावं, खोटा असेल तर दामदुप्पट दंड करावा.

"मग सगळेच कार्ड काढतील," असा आक्षेप लगेच येतो. काही लोक गैरवापर करतील, हे मला मान्य आहे. त्यावर तपासणी हा उपाय आहे, वेळेची मर्यादा हा उपाय आहे. गैरवापराच्या भीतीने हक्कच नाकारणं हा उपाय नव्हे. वळणावर, रुग्णवाहिकेच्या वाटेत किंवा बसथांब्यावर गाडी लावण्याची सवलत मी मागत नाही. तशी गाडी कुणाचीही असो, ती उचलावीच.

हे करायला नवा कायदाही लागत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ११७ राज्य सरकारला किंवा त्याने अधिकार दिलेल्या यंत्रणेला स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून वाहनं उभी करण्याच्या जागा ठरवण्याचा अधिकार देतं. माणिक चौक, सीपरी बाजार, इलाइट चौराहा, मेडिकल कॉलेजचा परिसर, मोठ्या बँका आणि कचेरी, अशा ठिकाणी दोन-दोन जागा आखायला एक आदेश, थोडा रंग आणि एक पाटी पुरते. त्यानंतर त्या जागेत घुसणाऱ्यावर चलान झालं पाहिजे, नाहीतर आठवड्याभरात तिथे भाजीची गाडी किंवा कुणाची तरी बुलेट उभी राहील.

दुकानदारांना आणि वाहनचालकांना माझी विनंती आहे, की रॅम्पच्या तोंडाशी गाडी लावू नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. त्याच पाच मिनिटांत कुणीतरी बाहेर खोळंबलेलं असतं किंवा आत अडकलेलं असतं. आणि नगर निगम, छावणी, रेल्वे, पुरातत्त्व खातं आणि वाहतूक पोलीस यांनी एकत्र बसून येत्या गणेशोत्सवाआधी या जागा आखाव्यात, परवान्याची पद्धत ठरवावी. ते झाल्यावरही मी चुकीच्या ठिकाणी स्कूटर लावली, तर खुशाल दंड करा. तो मी भरेन.