सुट्टीत हरवणारी तारीख

आपल्या शाळेत प्रार्थनेनंतर दिनविशेष वाचण्याची प्रथा जुनी आहे. आज कोण जन्मले, कोण गेले, इतिहासात काय घडले, आज कोणता दिन पाळला जातो, अशा चार ओळी फळ्यावर लिहिलेल्या असतात. एक विद्यार्थी त्या वाचतो. मग ज्यांचा वाढदिवस असेल त्यांना पुढे बोलावून टाळ्या वाजवल्या जातात आणि रांगा वर्गाकडे वळतात. ही प्रथा चांगलीच आहे. पण तिच्याविषयी आम्हा शिक्षकांत बरीच चर्चा झाली असून, तिचे सार विद्यार्थी, पालक व विश्वस्त मंडळींपुढे ठेवावे असे वाटल्याने हे लिहीत आहोत.

पहिला मुद्दा सुट्टीचा. फळ्याच्या वाट्याला फक्त शाळेचे दिवस येतात. मे महिना तर सबंध बाहेरच राहतो. मेमध्ये जन्मलेल्या मुलाला पहिलीपासून दहावीपर्यंत प्रार्थनेत एकदाही टाळ्या मिळत नाहीत. मोठी माणसे याला किरकोळ गोष्ट म्हणतील, पण सात-आठ वर्षांच्या मुलाच्या लेखी ती किरकोळ नसते.

इंदूरच्या मराठी शाळेला याहून जास्त बोचावी अशीही एक गोष्ट आहे. अहिल्यादेवी होळकरांचा जन्म ३१ मे १७२५ चा. त्यांची पुण्यतिथी पावसाळ्यात येते. शाळा चालू असते, शहरात पालखी निघते, मुले जातात. जन्मदिवस मात्र ऐन सुट्टीत. ३१ मे २०२५ रोजी त्यांच्या जन्माला ३०० वर्षे झाली. भोपाळच्या समारंभात ३०० रुपयांचे नाणे प्रकाशित झाले. त्याआधी २० मे रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक खुद्द राजवाड्यात भरली. शाळेचा फळा मात्र महिनाभर कुलपाआड होता.

दुसरा मुद्दा लक्षात राहण्याचा. ज्या तारखा फळ्यावर येतात, त्या तरी मुलांपाशी किती उरतात? सकाळी ऐकलेला दिनविशेष दुपारच्या डब्यापर्यंत टिकत नाही. यात मुलांचा दोष नाही. त्या चार ओळींसाठी त्यांना काही शोधावे लागत नाही, चालावे लागत नाही, कोणाला विचारावेही लागत नाही. अहिल्यादेवींचे नाव आपल्या विमानतळाला आहे, विद्यापीठाला आहे. रोज कानावर पडून पडून ते नुसते पत्त्यासारखे झाले आहे.

या दोन्ही अडचणींवर एक युक्ती आम्हाला परदेशातल्या एका खेळात दिसली. त्याचे नाव जिओकॅशिंग. कोणीतरी एक डबा एखाद्या जागी लपवून ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. इतरांनी जीपीएसच्या, म्हणजे उपग्रहांवरून आपली जागा सांगणाऱ्या यंत्राच्या, मदतीने तो शोधायचा. डब्यात एक वही असते, तिच्यात नाव व तारीख लिहायची. आतली एखादी लहानशी वस्तू घेतली, तर तितक्याच मोलाची दुसरी ठेवायची आणि डबा होता तसा परत लपवायचा.

या खेळाचा जन्मही मे महिन्यातलाच आहे. नागरिकांसाठीच्या जीपीएस संकेतात अमेरिकी सरकार मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा १०० मीटरपर्यंत चुकू शके. २ मे २००० रोजी ही मिसळ बंद झाली आणि यंत्रे एकाएकी कितीतरी अचूक झाली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवून तिची जागा इंटरनेटवर कळवली. तीन दिवसांत दोघांनी ती शोधून काढली. पुढे हा छंद जगभर पसरला.

यात आमच्या कामाचा प्रकार आहे तो तारखेच्या डब्याचा. असा डबा ठेवणारा जागा सरळ सांगत नाही. एक तारीख निवडतो, त्या दिवशीच्या घटना, जन्म आणि पाळले जाणारे दिन यांवर प्रश्न घालतो, आणि उत्तरांतल्या आकड्यांनी अक्षांश-रेखांशातल्या रिकाम्या जागा भरायला लावतो. म्हणजे आधी वाचायचे, मग गणित करायचे आणि शेवटी पायी जायचे. फळ्यावर सुटा पडलेला दिनविशेष इथे जागेशी बांधला जातो. ज्या तारखेसाठी मूल स्वतः चालले, ती तारीख त्याच्यापाशी राहील, असे आमचे मत आहे.

म्हणून आमची सूचना अशी की, येत्या सुट्टीत ३१ मे या एका दिवसाचा असा शोध आपण आपल्या शहरात घ्यावा.

तो कसा असेल याची थोडी कल्पना देतो. पहिला थांबा शाळेच्याच फाटकाशी. ३१ मे हा जागतिक तंबाखूविरोधी दिन आहे. तंबाखू नियंत्रणाच्या २००३ च्या कायद्याप्रमाणे शाळा-महाविद्यालयांपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकण्यास मनाई आहे. १०० यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर. मुलांनी आपले पाऊल आधी पट्टीने मोजावे, मग फाटकापासून तितकी पावले चालावीत आणि त्या अंतरात काय दिसले ते लिहून आणावे. काय दिसेल ते आम्ही आधी सांगत नाही. मुलांनी आणलेले उत्तर मोठ्यांनाही वाचावे लागेल, इतकेच म्हणतो.

दुसरा थांबा राजवाड्यासमोरच्या बागेत, अहिल्यादेवींच्या पुतळ्यापाशी. तिथून राजवाड्याचे सातमजली प्रवेशद्वार पाहायचे आणि दगडी काम कोणत्या मजल्याशी संपून लाकडी काम सुरू होते ते मोजायचे. त्यावरून मिळेल तो एक आकडा. याच जागी दुसरा प्रश्न: अहिल्यादेवींची राजधानी कोणती? पुतळा समोर असल्यामुळे पुष्कळ मुले इंदूर म्हणतील. खरे उत्तर महेश्वर. त्यांनी १७९५ पर्यंत महेश्वराहून कारभार पाहिला. इंदूर ही होळकरांची राजधानी झाली १८१८ मध्ये. आपल्या अंगणातला इतिहास आपल्याला वाटतो तितका माहीत नसतो, हे मुलांना इथे उभ्या-उभ्या कळेल.

काही प्रश्न घरी बसून सोडवायचे. ३१ मे १९२८ रोजी क्रिकेटपटू पंकज रॉय यांचा जन्म झाला. १९५६ मध्ये विनू मंकड यांच्या जोडीने त्यांनी न्यूझीलंडविरुद्ध ४१३ धावांची सलामी दिली. ५२ वर्षे तो कसोटी क्रिकेटचा जागतिक विक्रम होता. ३१ मे १९३५ च्या पहाटे क्वेट्ट्याला भूकंप झाला आणि ते शहर उद्ध्वस्त झाले. एकाच तारखेच्या पोटात आनंद आणि दुःख शेजारी असतात, हेही मुलांना कळायला हवे.

शेवटी गणित. राजवाड्याच्या परिसराचे स्थान साधारण २२ अंश ४३ मिनिटे उत्तर आणि ७५ अंश ५१ मिनिटे पूर्व असे आहे. या खेळात मिनिटाच्या दशांश चिन्हापुढे आणखी तीन अंक देतात. अक्षांशाचे एक मिनिट सुमारे १,८५० मीटर, तर त्याचा हजारावा भाग दोन मीटरहून कमी. शेवटचा अंक एकाने चुकला तर दोन पावलांचा फरक. पहिला चुकला तर मूल दुसऱ्या गल्लीत पोचेल! दशांश अपूर्णांकात स्थानिक किंमत का महत्त्वाची, हे आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला तरी सापडलेले नाही.

आता शंका. काही आमच्याच सहकाऱ्यांनी काढल्या, आणि त्या रास्त आहेत. गर्दीच्या ठिकाणी बेवारस डबा ठेवणे आपल्याकडे योग्य नाही. पोलिसांना आणि लोकांना त्याची धास्ती वाटणारच. म्हणून बाहेर कुठेही डबा असणार नाही. त्या खेळातही असा एक प्रकार आहे, ज्यात वस्तू नसते, जागेवर जाऊन निरीक्षणाने उत्तर आणायचे असते. आपण तोच घ्यावा. खरा डबा एकच, तो शाळेच्या आवारात. जी जागा शोधायची तीही आवारातलीच. मेच्या उन्हाचे म्हणाल तर सकाळी साडेसहाला निघून नऊच्या आत सर्वांनी परत यावे. पाच-सहा मुलांच्या गटाबरोबर एक शिक्षक किंवा पालक. मोबाइल फक्त त्या मोठ्या माणसाकडे आणि तोही शेवटच्या टप्प्यापुरता. मुलांच्या हाती कागदाचा नकाशा. खर्च झेरॉक्सचा, एका वहीचा आणि पोह्यांचा.

मराठी शाळेने अशा परदेशी खेळाच्या मागे का लागावे, असेही कोणी विचारील. खेळ कुठलाही असला तरी प्रश्न मराठीत असतील, आणि उत्तरे शोधताना मुलांना घरच्या आजी-आजोबांना, राजवाड्याजवळच्या जुन्या दुकानदारांना विचारावे लागेल. घरात मराठी आणि रस्त्यावर हिंदी अशी आपली इंदुरी मुले दोन्ही भाषांत चौकशी करतील. ते आम्हाला हवेच आहे.

डब्यातल्या वहीविषयी आमचे ठरले आहे. तिचे पहिले पान मे महिन्यात जन्मलेल्या मुलांसाठी राखून ठेवायचे. पहिली ते दहावीच्या अशा सर्वांची नावे आणि जन्मतारखा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहायच्या, आणि प्रार्थनेत राहून गेलेल्या टाळ्या त्या सकाळी वाजवायच्या. ज्यांचा जन्म ३१ मेचा असेल, त्यांनी डबा उघडायचा.

विश्वस्त मंडळींना विनंती की, सुट्टीत एक सकाळ शाळेचे आवार उघडे ठेवण्याची परवानगी पुढील सभेत द्यावी. पालकांपैकी जे गटाबरोबर येऊ शकतील, त्यांनी वर्गशिक्षकांकडे नाव द्यावे. आणि विद्यार्थी मित्रांनो, ३१ मे या तारखेवरचा एक प्रश्न प्रत्येकाने तयार करून आणावा. अट एकच: त्याचे उत्तर कॅलेंडरच्या पानावर सापडता कामा नये.