ताब्याचा वाद आणि मनाची तपासणी

मुलाच्या ताब्याचा वाद कुटुंब न्यायालयात गेला की अनेकदा एक अर्ज दाखल होतो : समोरच्या पक्षाची मानसिक तपासणी करावी. आई झोपेच्या गोळ्या घेते, वडिलांचा रागावर ताबा नाही, अशी कारणे त्यात दिलेली असतात.

असा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ मधील कलम १२ नुसार न्यायाधीश वैद्यकीय तज्ज्ञाची मदत घेऊ शकतात. एरवी पुराव्याच्या कायद्यात न बसणारा अहवालही कलम १४ मुळे विचारात घेता येतो. वैवाहिक दाव्यातील वैद्यकीय तपासणीमुळे राज्यघटनेच्या अनुच्छेद २१चा, म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा, भंग होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये स्पष्ट केले. मात्र अर्जदाराची बाजू प्रथमदर्शनी भक्कम असली पाहिजे, अशी अटही घातली. आदेशानंतर तपासणी नाकारणाऱ्याविरुद्ध प्रतिकूल निष्कर्ष निघू शकतो. त्यामुळे नकार देणे सोपे राहत नाही.

आता तपासणीतून काय कळते ते पाहू. एमएमपीआय ही शेकडो विधानांची प्रश्नावली १९४०च्या दशकात अमेरिकेत मानसिक विकारांच्या निदानासाठी तयार झाली. शाईच्या डागांची रोर्शाक चाचणी १९२१ची. यांतली एकही चाचणी पालकत्व मोजण्यासाठी बनलेली नाही. तापाने फणफणलेल्या मुलाजवळ रात्रभर कोण बसते, घटस्फोटाच्या कडवटपणापासून त्याला कोण दूर ठेवते, हे गुणांकनातून दिसत नाही. त्यासाठी दोन्ही पालकांच्या सविस्तर मुलाखती, मुलासोबतच्या त्यांच्या वागण्याचे निरीक्षण, शिक्षकांशी बोलणे, असे वेळखाऊ काम करावे लागते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ इथे महत्त्वाचा आहे. पूर्वी घेतलेले उपचार एवढ्यावरूनच आज कोणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही, असे तो सांगतो. मनोविकाराच्या पुराव्याला समोरच्या पक्षाने आव्हान दिले, तर कलम १०५ नुसार तो मानसिक आरोग्य मंडळाकडे पाठवावा लागतो.

बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर वेळेवर उपचार घेणारी आई जबाबदारीने वागलेली असते. तिचीच औषधाची चिठ्ठी तिच्याविरुद्ध वापरली जाणे अन्यायाचे आहे. शिवाय त्या धास्तीने इतर आया डॉक्टरकडे जाणेच टाळतील. म्हणून आदेशात तज्ज्ञाला नेमका प्रश्न विचारलेला असावा : या पालकाच्या अमुक अडचणीचा या मुलाच्या संगोपनावर काय परिणाम होतो? तपासणी दोघांची, एकाच तज्ज्ञाकडून व्हावी, आणि अहवालावर त्या तज्ज्ञाची उलटतपासणी घेण्याची संधी दोन्ही बाजूंना मिळावी.