फवारलेलं वावर आणि पोटातलं बाळ

२०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून अमरावती-अकोल्याकडेही मास्क, हातमोजे, चष्मे यांची चर्चा होते. ती हवीच. पण त्या चर्चेत पाठीवर पंप घेतलेला गडीच असतो. त्याच वावरात निंदायला जाणारी गरोदर बाई नसते.

‘फवारणी गडी करतात, बाईचा काय संबंध?’ असं विचारणाऱ्याने ऑगस्टात पराटीच्या वावरात जाऊन पाहावं. पंपासाठी पाणी वाहते ती बाई. फवारलेल्या झाडांत वाकून निंदते ती बाई. विषाने भिजलेले कपडे घरी धुते तीही बाईच. मास्क दिला तरी तिला तो पुरणार नाही, कारण हे विष कातडीतूनही शिरतं.

‘डब्यावर लाल त्रिकोण नाही, मग भीती कसली?’ हा दिलासा तर साफ फसवा आहे. त्रिकोणाचा रंग १९७१च्या कीटकनाशक नियमांनुसार ठरतो आणि त्यामागचं माप आहे प्रयोगातले निम्मे प्राणी मारणारी मात्रा. लाल, पिवळा, निळा, हिरवा ही सगळी मरणाची मोजणी झाली. जो मरत नाही, फक्त घडत असतो, त्या गर्भाबद्दल तो रंग काहीच सांगत नाही. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेतून घडतात, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. तोवर दिवस गेल्याचं कित्येकींना ठाऊकही नसतं. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली विषं निकामी करणारं विकरही नवजात बाळात मोठ्या माणसापेक्षा फार कमी असतं.

‘आमच्या आया वावरातच राबल्या, लेकरं धडधाकट निघाली.’ जी जगली, तीच हे सांगायला उरली. शिवाय सगळी इजा जन्मतः दिसत नाही. कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यातल्या शेतमजूर कुटुंबांच्या अभ्यासात, गरोदरपणी ज्या आयांच्या लघवीत ऑरगॅनोफॉस्फेट विषांचे अंश सर्वाधिक होते, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यांक सातव्या वर्षी सर्वांत कमी अंश असलेल्या गटापेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी भरला.

सर्वांत वजनदार आक्षेप डॉक्टरांचा: बाळाचं वजन कमी भरतं ते आईच्या रक्तक्षयाने, उपासमारीने. वऱ्हाडात ते खरंच आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण एक कारण खरं असलं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही. न्यूयॉर्कमध्ये नाळेच्या रक्तात क्लोरपायरीफॉस हे याच गटातलं कीटकनाशक जास्त सापडलेल्या बाळांचं जन्मवजन कमी होतं. २००१च्या सुमारास त्याचा घरगुती वापर बंद झाला. त्यानंतरच्या बाळांत विषही घटलं आणि वजनाशी असलेला त्याचा संबंधही दिसेनासा झाला. आयांचा आहार काही रातोरात बदलला नव्हता.

म्हणून मागणी नेमकी आहे. अमरावतीच्या डफरीन आणि अकोल्याच्या लेडी हार्डिंग रुग्णालयात गरोदर बाईचं हिमोग्लोबिन लिहितात, तिथेच ती कोणत्या पिकात राबते आणि तिथे शेवटची फवारणी कधी झाली, हेही लिहावं. फवारलेल्या वावरात किती दिवस पाऊल टाकायचं नाही, ते अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने प्रत्येक औषधासाठी गावोगाव सांगावं. आणि मजुरी बुडणार असेल तर ती बाई घरी थांबणार नाही, हे सरकारने आधी मान्य करावं. मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. फवारणीच्या महिन्यांत बुडणारी मजुरी भरून काढायला ते पुरत नाहीत. त्या महिन्यांत गरोदर मजुराला रोजगार हमीतून वावराबाहेरचं हलकं काम मिळालं पाहिजे, आणि तेही पहिल्या तपासणीच्या दिवसापासून.