इंजिन उघडलंच आहे, तर सीलही बदला

पावसाळ्यात मालवणात वॉटर स्पोर्ट्स बंद. जुन्या जेट स्कीची इंजिनं उघडायचे हेच दिवस. पिस्टन, रिंगा नव्या येतात. क्रँकच्या सीलचं विचारलं की उत्तर, 'चालतील अजून!' कारण त्यासाठी क्रँककेस खोलावी लागते, मजुरी वाढते. अहो, टू-स्ट्रोकमध्ये झिजलेल्या सीलमधून हवा आत शिरते, पेट्रोल-ऑइल कमी पडतं आणि नवा पिस्टनही तापून जाम होतो. म्हणजे केलेला खर्च पाण्यात. बरं, जेट स्कीला सुकाणू नसतं. इंजिन बंद पडलं, पाण्याचा झोत थांबला, की हँडल कितीही फिरवा, ती वळत नाही. समोर होडी असली तरी! सप्टेंबरात तपासणी करणाऱ्यांनी लाइफ जॅकेटं मोजावीतच, पण इंजिनकामाची बिलंही मागावीत. त्यात सील दिसले नाहीत, तर ती स्की किनाऱ्यावरच राहू दे.