आजीचा फॉर्म

परवा डेस्कवरच लंच उरकत होतो, तेवढ्यात गंगापूरहून काकांचा फोन. "वीकेंडला येऊन जा. आजीला समजाव. तिला देहदानाचा फॉर्म भरायचाय!"

आजी ९१ वर्षांची. शनिवारी पुण्याहून गाडी काढली. कायगाव टोक्याला गोदावरीचा पूल ओलांडला, तरी काय बोलायचं ते सुचेना. आजी ओसरीवर डाळ निवडत होती. काका म्हणाले, "लोक काय म्हणतील? आणि या वयाच्या शरीरात शिकण्यासारखं उरतं काय?"

पहिल्या प्रश्नाचं माहीत नाही बुवा, पण दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे होतं. हेंड्रिक्ये फान आंदल-स्किपर, नेदरलँड्सच्या बाई, जन्म १८९०. वयाच्या ८२व्या वर्षी त्यांनी ग्रोनिंगन विद्यापीठाला देहदानाचं पत्र लिहिलं आणि त्यानंतर तब्बल ३३ वर्षं जगल्या! एकशे अकराव्या वर्षी पुन्हा चौकशी, माझा देह अजून उपयोगाचा आहे ना? २००५ मध्ये, ११५ वर्षांच्या होऊन गेल्या.

त्यांच्या पेशींच्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१४ मध्ये आला. पेशीची दुसरी पेशी होताना जनुकांची नक्कल होते आणि नक्कल म्हटली की चुका आल्याच. या चुका म्हणजे म्युटेशन्स. आईबापाकडून आलेली नव्हेत, जगता जगता साठलेली. अशाच काही चुकांतून कॅन्सर होतो, म्हणून त्यांची धास्ती. पण बाईंच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत अशा सुमारे ४५० चुका सापडल्या आणि त्यांनी काही बिघडवल्याचं दिसलं नाही. खरी गोम वेगळीच होती. रक्त तयार करणाऱ्या स्टेम सेल्स तरुणपणी हजारोंनी कामाला असतात. बाईंच्या पांढऱ्या पेशींपैकी बहुतेक फक्त दोन स्टेम सेल्समधून आलेल्या! म्हणजे माणसाच्या आयुष्याची एक मर्यादा इथे असू शकते, कारखान्यातले कामगारच संपत येतात. बाई रोज हेरिंग मासा खायच्या, पण आपल्याला कळलं ते त्या माशामुळे नव्हे, त्या पत्रामुळे.

"म्हणजे आजीचीही अशी तपासणी?" काकांनी विचारलं.

खरं तेच सांगितलं. तसं काही होणार नाही. संभाजीनगरच्या घाटीत पहिल्या वर्षाची पोरं तिच्यावरून शरीररचना शिकतील, एवढंच.

आजीने डाळीतला खडा उचलून बाजूला टाकला. "चौथीत शाळा सोडवली माझी. मेल्यावर तरी कॉलेजात जाऊ द्या की!"

काका काही बोलले नाहीत. फॉर्मवर नातेवाइकांची सही लागते. माझी मी करून आलो. काकांची जागा अजून रिकामी आहे. पण निघताना पाहिलं, फॉर्म देवळीत, लाइटबिलावर ठेवलाय आणि वर त्यांचाच चष्मा.