पणजी पायाखाली घालताना

उरणजवळच्या जासईत गोव्याचा बेत ठरला की आधी गाडीचा विषय निघतो. कोण चालवणार, किती जण मावणार, परतीला कोण जागे राहणार. पण पहिल्यांदा जाणाऱ्यांनी, त्यातही मांडवी नदीतले कॅसिनो बघायची उत्सुकता असलेल्यांनी, गाडी घरीच ठेवावी. पनवेलला कोकणकन्या किंवा मांडवी एक्स्प्रेस पकडावी आणि मडगावपर्यंत न जाता करमळीला उतरावे. तिथून पणजी रिक्षा-टॅक्सीच्या अंतरावर आहे. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते, तेवढे तिकीट काढताना पाहून घ्यावे.

गाडी नको याचे कारण पणजीच. जुने शहर इतके आटोपशीर आहे की अर्ध्या दिवसात पायी होते, आणि गाडी असली तर त्यातला बराच वेळ पार्किंग शोधण्यात जातो.

सुरुवात सकाळी फोंतेन्हासपासून करावी, ऊन चढायच्या आत. पिवळ्या, निळ्या, गेरूच्या रंगांची घरे, लाल कौले, रस्त्यावर उघडणाऱ्या बुटक्या गॅलऱ्या आणि दाराशेजारी निळ्या-पांढऱ्या फरशीवर रंगवलेले घराचे नाव. या घरांत माणसे राहतात. कुणाच्या पायरीवर बसून फोटोसेशन करू नये, मोठ्याने हाका मारू नयेत; रहिवासी या त्रासाला कंटाळले आहेत. शेजारच्या मळा भागात टेकडीवर मारुतीचे देऊळ आहे. पायऱ्या चढून वर गेले की खालची कौलारू वस्ती एका नजरेत मावते.

तिथून चर्च चौक. पांढऱ्या नागमोडी पायऱ्यांच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमधली मोठी घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची आहे. मठ कोसळला, घंटा पणजीत आली. पुढे नदीकाठी जुने सचिवालय लागते. मूळचा हा आदिलशाही वाडा. त्याच्या बाजूला आबे फारियाचा पुतळा आहे: हात पुढे रोखलेला पुरुष आणि समोर मागे झुकलेली स्त्री. 1756 मध्ये कांदोळीत जन्मलेल्या या गोमंतकीयाने पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले आणि संमोहनाचे बळ संमोहनकर्त्यात नसून समोरच्याच्या मनात असते, असे मांडले. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेल्या या शिल्पापाशी थोडे थांबावे. अनेक जण त्याच्याकडे न बघता कॅसिनोच्या पाट्यांकडे चालू लागतात.

त्या पाट्या तिथूनच सुरू होतात. तिकीट किनाऱ्यावर काढायचे, मग छोट्या बोटीने नदीत उभ्या असलेल्या जहाजावर जायचे. मोरा ते भाऊचा धक्का लाँचने गेलेल्या उरणकरांना त्यात नवल वाटणार नाही. वय 21 पूर्ण हवे, ओळखपत्र मूळ हवे. पुरुषांनी हाफपँट-चपला टाळाव्यात. तिकिटात सहसा जेवण आणि थोड्या चिप्स येतात. त्या चिप्सचे थेट पैसे होतात का, हे आधीच विचारून घ्यावे. खेळाच्या टेबलांपाशी मोबाइल बाहेर काढू नये. गोमंतकीयांना मात्र फेब्रुवारी 2020 पासून या खेळांना मनाई आहे. ज्या राज्याच्या नदीत हे चालते, ते आपल्या माणसांना त्यापासून दूर ठेवते. पाहुण्यांनी एवढ्यावरून काय ते ओळखावे.

कायद्याची गोष्टही सांगण्यासारखी आहे. गोव्याचा सार्वजनिक जुगार कायदा 1976 चा. त्यात 1992 मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना वाट मिळाली आणि पुढच्या दुरुस्तीने जहाजांना. महाराष्ट्रानेही 1976 मध्येच कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी अमलात आला नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. तो रद्द झाला हे चांगलेच झाले.

आता गणित. रूलेटच्या चाकावर 1 ते 36 आकडे आणि एक शून्य, अशी 37 घरे असतात. प्रत्येक घरावर 100 रुपये लावले तर 3,700 रुपये जातात. एक घर लागते आणि लावलेल्या शंभरासकट 3,600 परत येतात. दर फेरीला शंभर रुपये जहाजाचे. चाकावर दोन शून्ये असली तर दोनशे. म्हणून बसण्याआधी शून्ये मोजावीत. त्यावर सरकारचा वाटा वेगळा: कॅसिनोवरचा जीएसटी ऑक्टोबर 2023 मध्ये 28 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर आणि उपकर लागतो, तोही हरलेले पैसे वजा न करता.

हे जासईकरांना मुद्दाम सांगायचे कारण आहे. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांचे हे गाव. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी या परिसरात लोक रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. उरण-पनवेलच्या अनेक घरांत आज जो पैसा दिसतो, त्याच्या मुळाशी हे रक्त आहे. तो टेबलावर ठेवायचा नाही. जहाज बघायचे तर एक संध्याकाळ बघावे, सिनेमाला जावे तसे. तिकीट आणि ठरवलेली रक्कम रोख खिशात ठेवावी, एटीएम कार्ड खोलीवर. ती रक्कम संपली की वर जाऊन जेवावे, नदीवरचे दिवे बघावेत आणि परतीची बोट धरावी.

खाण्याच्या बाबतीत आगरी माणसाला पणजी परकी वाटत नाही. आपला जिताडा तिथे चोणक म्हणून मिळतो. रवा लावून तळलेली तुकडी मागावी. दुपारच्या फिश थाळीत हुमण, किसमूर, सोलकढी येते. सकाळी कॅफे ताटो किंवा कॅफे भोसलेत पातळ भाजी, पाव आणि बन्स खावेत. दुपारी एकनंतर बरीच दुकाने मिटतात आणि साडेतीनच्या सुमारास उघडतात, रविवारी तर शहर सुस्तावलेलेच असते. त्या वेळी बेतीची फेरीबोट धरावी. चालत जाणाऱ्याला तिकीट लागत नाही, आणि पलीकडून पणजीचा सगळा काठ दिसतो.

परतताना बॅग भरण्याआधी एक लक्षात ठेवावे. गोव्यातली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणे गुन्हा आहे, रेल्वेनेही. काजू, फणसाचे साठ आणि बेबिंका आणावे.